मारुती ८०० चा हँडब्रेक एकाच चाकाला धरत होता, त्याची दुरुस्ती

हँडब्रेक ओढला आणि गाडी थांबली म्हणजे हँडब्रेक ठीक आहे असं आपण धरून चालतो. मागची दोन्ही चाकं धरतायत की एकच, हे सहसा कोणी बघत नाही आणि जुन्या गाडीत खरी गोम तिथेच असते. आमची मारुती ८०० आहे १९९९ सालची, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. गाडी चिपळूणला असते आणि घरापर्यंतचा शेवटचा तुकडा चांगलाच चढाचा, त्यामुळे आमच्याकडे हँडब्रेक रोज लागतो, घराच्या दारात सुद्धा.

लिव्हर हळूहळू वर वर यायला लागला होता. आधी पाच-सहा टकांत (लिव्हर ओढताना दात्यांचा जो टक टक आवाज येतो तो) धरायचा, मग नऊ-दहा व्हायला लागले, आणि तरी चढावर ब्रेकवरचा पाय काढला की गाडी थोडी मागे सरकून मग थांबायची. बाबांनी आपला उपाय काढला होता, मागच्या चाकाला दगड. आई उतरायच्या आधी विचारायची, "दगड लावलास ना रे?" दगड लावणं चांगलंच आहे, मी अजूनही लावतो, पण घरातली सगळी माणसं गाडीच्या मागून ये-जा करतात आणि गाडी फक्त दगडाच्या भरवशावर उभी आहे हे मला पटेना.

एका गॅरेजात दाखवली. त्यांनी दोन सीटच्या मधलं कव्हर काढलं, लिव्हरच्या बुडातला नट चार-पाच आटे आवळला, लिव्हर पाच टकांवर आला, झालं काम. घरी येईपर्यंत उजव्या मागच्या चाकाजवळ जळका वास. हात जवळ नेला तर उजव्या ड्रममधून धग येतेय आणि डावा गार. म्हणजे हँडब्रेक सोडल्यावरही उजवं चाक घासत होतं आणि डावं ओढल्यावरही नीट धरत नव्हतं.

असं का होतं ते जरा सांगतो कारण सगळी दुरुस्ती याच्यावरच अवलंबून आहे. लिव्हरच्या खाली एक छोटी पट्टी असते, तिच्या दोन टोकांना डावी आणि उजवी अशा दोन केबल आणि मधे नट. आपण लिव्हर ओढला की पट्टी पुढे येते आणि दोन्ही केबल ओढल्या जातात. ही पट्टी दोन्ही बाजूंना ताण सारखा वाटते, सरकणं सारखं वाटत नाही. बैलगाडीच्या जूसारखं आहे, एक बैल अडला की जू तिरकं होतं. एका बाजूची केबल आत जाम असेल तर त्या बाजूचा ताण वाटेतच संपतो, चाकापर्यंत पोचतच नाही, आणि एका ड्रममध्ये शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारा कमानीसारखा तुकडा, ड्रमपासून लांब राहिला असेल तर ती केबल नुसती सरकत राहते. दोन्ही प्रकारांत मधला नट आवळला की चांगली बाजू आधी घासायला लागते, वाईट बाजू आहे तिथेच. आमच्या गाडीत कव्हर काढून बघितलं तर पट्टी चक्क तिरकी उभी होती, उजवं टोक पुढे, डावं मागे. तुमच्या गाडीत हे कव्हर दोन-चार स्क्रूंचं असतं, आधी ते काढून पट्टी बघा, फुकटात अर्धं निदान होतं.

दुसरी तपासणी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या मोकळ्या सपाट माळावर केली. मोकळी जागा, लाल माती, आजूबाजूला कोणी नाही हे बघून गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगात ठेवली आणि लिव्हरचं बटण दाबून धरूनच हळूहळू ओढला, बटण दाबलेलं असलं म्हणजे लगेच सोडता येतो. उतरून मागे बघितलं तर उजव्या चाकाची घसरल्याची सरळ पट्टी उमटलेली आणि डाव्या चाकाची टायरची नक्षी जशीच्या तशी, चाक फिरत आल्याची. यानंतर शंकाच राहिली नाही. डांबरी रस्त्यावर हे करू नका, आणि वेगात तर अजिबातच नको, एकच चाक धरलं तर मागची बाजू फिरते.

ओळखीचे एक मेस्त्री आहेत, वय झाल्यामुळे गॅरेज बंद केलंय पण हात अजून पक्का. त्यांना फोन केला, म्हटलं काका केबलच बदलून टाकू का. ते म्हणाले, "अरे केबलला हात लावू नको अजून. पहिला ड्रम उघड. आणि नट सैल कर पूर्ण, अगदी सैल, मग बघू." रविवारी सकाळी स्वतः आले, खुर्ची टाकून बसले आणि मला सांगत गेले. मला तेच हवं होतं, कारण हे काम एकदा स्वतःच्या हाताने झालं की गाडीची भीती जाते.

गाडी सपाट जागेवर घेतली. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि पहिला गिअर. ८०० ची पुढची चाकं इंजिनने फिरतात त्यामुळे मागची उचलली तरी गिअर पुढची चाकं धरून ठेवतो. ओम्नी किंवा जीपवाल्यांनी मात्र याच्यावर विसंबू नका, तिथे इंजिन मागच्या चाकांना जोडलेलं असतं आणि एक मागचं चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी) गिअरात असलेली गाडीसुद्धा सरकू शकते. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅक, मग घोड्या (गाडीखाली ठेवायचे लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणीही खाली हात घालू नये, हे मेस्त्रींनी पुन्हा पुन्हा बजावलं आणि मीही तेच सांगेन.

नट सैल, हँडब्रेक खाली, दोन्ही चाकं हाताने फिरवली. आता उजवं मोकळं झालं, म्हणजे घासत होतं ते फक्त नट आवळल्यामुळे. मग नट थोडा घेतला आणि पुतण्याला गाडीत बसवून एकेक टक वर ओढायला लावला, मी मागे चाक फिरवत बसलो. तिसऱ्या टकाला उजवं जड, पाचव्याला घट्ट. डावं नवव्यालाही दोन हातांनी फिरत होतं. मग त्याला पायाचा ब्रेक दाबायला सांगितला, तेव्हा डावं चाक थांबलं पण पेडल बरंच खाली गेल्यावर. मेस्त्री म्हणाले दोन आजार आहेत. पायाने धरतं म्हणजे ब्रेक ऑइल आणि चाकातला शू ढकलणारा सिलिंडर चालू आहे, पण उशिरा धरतं म्हणजे आत शू आणि ड्रममध्ये अंतर जास्त आहे, आणि पायाने धरतंय ते हाताने धरत नाही म्हणजे केबलचाही काहीतरी घोळ आहे. मला ही पद्धत फार आवडली, एक पानाही न लावता कुठे बघायचं ते कळतं.

नट पुन्हा पूर्ण सैल केला आणि डावा ड्रम काढायला घेतला. मधली टोपी, पिन, मोठा नट, वॉशर. ड्रम जागचा हलेना. ड्रमच्या आतल्या कडेला शू जिथे पोचत नाही तिथे गंजाची एक धार तयार होते आणि शू तिच्यात अडकतो. गंज सोडवणारं तेल मधल्या कडेला मारून चहा घेतला, मग लाकडी ठोकळा मधे धरून चारही बाजूंनी हातोडीने थोडं थोडं ठोकत, ड्रम फिरवत फिरवत बाहेर घेतला. बिडाचा ड्रम आहे, थेट हातोडी घातली तर तडकतो. बेअरिंग ड्रमबरोबर बाहेर येतं, त्यात माती जाऊ नये म्हणून लगेच स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवला.

आत जे दिसलं ते सांगतो. खालच्या बाजूला लाल मातीचा वाळलेला थर, त्यात लायनरची, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराची, काळी भुकटी मिसळून जवळजवळ पुट्टीसारखा घट्ट झालेला. लायनरची जाडी भरपूर शिल्लक, पण पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत. आणि दोन शूंच्या मधे जी आडवी पट्टी असते, जिच्यावर दात्यांचा अ‍ॅडजस्टर बसलेला असतो, तो अ‍ॅडजस्टर गंजाने एक गोळा झालेला. हा अ‍ॅडजस्टर आपोआप चालतो, लायनर झिजला की ब्रेक दाबताना एक दाता पुढे सरकतो आणि शू ड्रमजवळ आणून ठेवतो. आमचा सरकतच नव्हता, म्हणून डावीकडे अंतर वाढत गेलं होतं. व्हील सिलिंडरच्या रबराची कड हलकेच उचलून बघितली, आत कोरडं. तिथे ओलं असतं तर आधी सिलिंडर, मग बाकीचं, कारण ब्रेक ऑइल लागलेला लायनर धुऊन सुद्धा पूर्वीसारखा धरत नाही.

मेस्त्रींचा संशय पुरावर. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला जो पूर आला त्यात ही गाडी खाली रस्त्याला होती, ढकलत वर आणेपर्यंत मागची चाकं चांगलीच पाण्यात गेली होती. इंजिन, वायरिंग, सीट सगळं तेव्हा बघून घेतलं होतं, ड्रम मात्र बंदच राहिले. पुराच्या पाण्यातला गाळ ड्रममध्ये शिरतो तसा केबलच्या आवरणातही शिरतो आणि तिथून तो बाहेर येत नाही. आमच्याकडे अशा पुष्कळ गाड्या आहेत, वरून एकदम ठणठणीत. ज्यांच्या गाड्या तेव्हा पाण्यात होत्या त्यांनी एकदा मागचे ड्रम उघडून बघाच, मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत सुटलोय.

भुकटी झटकू नका, फुंकू नका, हवेचा पाइप तर मुळीच मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात गेली की कायमची. मी मास्क लावला, ब्रेक क्लीनरने ओलं करून फडक्याने पुसलं आणि फडकी पिशवीत बांधून टाकली. गॅरेजातली पोरं दिवसभर हवेने उडवत असतात ते बघून खरंच वाईट वाटतं, त्यांना कोणीतरी हे सांगायला पाहिजे.

आता केबल. शूच्या मागच्या लिव्हरमधून केबलचं टोक सोडवलं आणि पक्कडीत धरून ओढून बघितलं. उजवीकडची मऊ, ओढली की येते, सोडली की परत जाते. डावीकडची ओढायला जोर लागला आणि ओढली तिथेच राहिली. गाडीखाली टॉर्च घेऊन केबलचं आवरण बोटांनी चाचपत गेलो तर चाकाच्या अलीकडे, जिथे केबल वळते, तिथे वरचं प्लास्टिक फाटलेलं आणि आतलं गुंडाळीचं लोखंड गंजून फुगलेलं, बोटाला गाठ लागत होती. तेल सोडून चालवता येते का विचारलं तर मेस्त्री म्हणाले, "चालेल की, एक पाऊस. मग परत तू आणि मी इथेच." नवी केबल घ्यायची ठरली.

सामान आणायला जाताना जुनी केबल आणि एक शू सोबत नेला. जुन्या गाडीला दुकानदार आठवणीवरून देतो आणि मॉडेलप्रमाणे थोडा फरक असतो, लांबी लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. ब्रेक शू दोन्ही चाकांचे घेतले. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना लायनर टाकला तर पकड पुन्हा वेगवेगळीच, मग एवढा खटाटोप कशाला. अ‍ॅडजस्टरचा सेट पण घेतला, डावा उजवा वेगळा असतो. दोन्ही ड्रम लेथवाल्याकडे दिले, त्याने आधी आतला व्यास मापून बघितला, मर्यादेत आहे म्हणाला, मग अगदी हलका हात मारून गंजाची धार काढून दिली. ड्रम मर्यादेच्या बाहेर गेला असेल तर लेथवर आणखी पातळ करून घेऊ नका, बदलाच.

जोडताना एक सवय फार उपयोगी, एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू न खोललेली समोर असली की कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात ते बघता येतं, फक्त आरशासारखं उलटं. मी मोबाइलवर फोटो काढलेच होते पण फोटोत स्प्रिंग पट्टीच्या पुढून गेली की मागून, हे कळत नाही. बॅकप्लेटवर (शूच्या मागची पत्र्याची ताटली) शू जिथे टेकून सरकतो तिथे थोडे उंचवटे असतात, ते एमरी पेपरने साफ करून ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस नखाएवढं लावलं. साधं ग्रीस, इंजिन ऑइल, रॉकेल यातलं काही सिलिंडरच्या रबराजवळ जाऊ देऊ नका, ते रबर फुगतं. स्प्रिंग ओढताना चष्मा घाला, निसटली तर सरळ तोंडावर येते. नवीन केबल टाकताना ती जुन्या रस्त्यानेच, सगळ्या क्लिपांमधून नेली, एक क्लिप चुकवली तरी केबल हलत्या भागाला घासते.

ड्रम चढवायच्या आधी अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घेतला, ड्रम बसवला, मधला नट मेस्त्रींनी स्वतःच्या टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) आवळला आणि पिन नवीन टाकली. जुनी पिन सरळ करून परत घालू नका, काही रुपयांची वस्तू आहे आणि अख्खं चाक तिच्यावर आहे.

यानंतरचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच बहुतेक ठिकाणी उलटा होतो. केबलचा नट अजून सैलच. आधी पायाचा ब्रेक चांगला जोर लावून पुन्हा पुन्हा दाबायचा. मी चाकाजवळ कान देऊन बसलो होतो, पुतण्या दाबायचा आणि आत बारीक टक असा आवाज यायचा, दाते सरकत होते, आणि हळूहळू पेडल वर आलं, आवाज थांबला. चाक फिरवून बघितलं तर दोन्हीकडे सारखाच हलका स्पर्श. आता दोन्ही ड्रममधलं अंतर सारखं झालं, मगच केबल. केबल आधीपासून ताणलेली असती तर शू मागे येऊन जागेवर टेकत नाही आणि अ‍ॅडजस्टर नीट कामच करत नाही, हे गॅरेजात कोणी सांगत नाही. नट थोडा थोडा घेत गेलो, दर वेळी लिव्हर जोरात ओढून सोडून केबल बसू दिली, आणि तिसऱ्या-चौथ्या टकाला दोन्ही चाकं सारखी जड, सहाव्याला दोन्ही घट्ट, खाली सोडला की दोन्ही मोकळी, इथे थांबलो. पट्टी सरळ उभी होती, दोन्ही टोकं समोरासमोर.

गाडी खाली घेऊन थोडी चालवली, थांबून दोन्ही ड्रमजवळ तळहात नेऊन बघितलं, दोन्ही सारखेच कोमट. सड्यावर पुन्हा तीच तपासणी, मातीत दोन पट्ट्या. मग घराच्या चढावर, आधी तोंड वर करून, मग गाडी फिरवून तोंड खाली करून. दोन्हीकडून बघायचं कारण असं की ड्रममधे चाक ज्या दिशेला फिरू बघतं त्याप्रमाणे एक शू आपोआप आत ओढला जाऊन जास्त धरतो आणि दुसरा कमी, दिशा बदलली की काम दुसऱ्या शूवर येतं. एका दिशेला धरणारी गाडी दुसऱ्या दिशेला सरकू शकते. आमची दोन्हीकडे थांबली, न्यूट्रलमध्ये, आई मागे दगड घेऊन उभी होती तिला म्हटलं बाजूला हो आधी.

नवे लायनर ड्रमला बसायला थोडं चालवणं लागतं, तोवर पकड पूर्ण येत नाही. मी गावात आणि एकदा कुंभार्ली घाटातून कराडला जाऊन आलो, परत आल्यावर लिव्हर एका टकाने वर आला होता, नट अर्धा आटा घेतला, तेव्हापासून तसाच आहे.

पावसाळ्यात मात्र गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवत नाही. ओल्या ड्रमला शू तसाच टेकून राहिला की गंजाने चिकटतो, आणि सोडवताना लायनर उखडायची भीती असते. तेव्हा गिअर आणि दोन चाकांना दगड. उजवी केबल अजून मूळचीच आहे, आता मऊ चालते, पण पाणी तिनेही तेवढंच पाहिलंय, त्यामुळे मिरगाच्या आधी ती पण बदलून घेणार आहे, दुकानदाराला सांगून ठेवलंय.